कमी रोधकता, कोरडी बोअर: चांदवड तालुक्यातील एका पाणीयोजनेचे प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या माथ्यावर, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे निघालो की तो झपाट्याने ओसरतो. चांदवड, येवला, नांदगाव आणि सिन्नरचा पूर्व पट्टा इथे चांगल्या वर्षीही ५००-६०० मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. हे प्रकरण सातमाळा डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरच्या एका गावाचे आहे. गावाचे नाव आणि माणसांची ओळख मुद्दाम दिलेली नाही.

गाव सुमारे १,८०० वस्तीचे. पिके म्हणजे उन्हाळ कांदा, थोडी द्राक्षे, पावसावरचा मका. गावाच्या उत्तरेकडून एक नाला येतो आणि शिवार ओलांडून दक्षिणेला, अखेर गोदावरीच्या खोऱ्यात जातो. ग्रामपंचायतीची सार्वजनिक विहीर नाल्याच्या खालच्या अंगाला, ११ मीटर खोल. मुरूम आणि मांजऱ्या (बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला बेसाल्ट) संपून काळा पाषाण लागला तिथेच जुन्या लोकांनी खोदाई थांबवली होती.

खाली सगळा दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांचे एकावर एक थर. प्रत्येक प्रवाहाचा खालचा भाग घट्ट असतो आणि वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा थर सापडतो, त्याला भूशास्त्रात लाल बोल म्हणतात. पाणी मुरते आणि साठते ते कुजलेल्या मुरुमात, सच्छिद्र मांजऱ्यात आणि घट्ट खडकाच्या फटींत. लाल बोल पाणी धरून ठेवतो, पण चिकण असल्यामुळे सोडत नाही. या शेवटच्या गोष्टीवर पुढचे सगळे प्रकरण फिरले.

अडचण

विहीर फेब्रुवारीअखेर तळाला जायची आणि मार्चपासून टँकर. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी ५५ लिटर धरले तर गावाला रोज साधारण १ लाख लिटर पाणी हवे. नवी टाकी आणि नळजोडणीचा आराखडा तयार होता, फक्त पाणी कुठून आणायचे याचे उत्तर नव्हते. उद्भवासाठी, म्हणजे पाण्याच्या स्रोतासाठी, निधी एकाच विहिरीचा होता, म्हणजे जागा चुकली की टाकी आणि नळ कोरडेच उभे राहणार.

सरपंचताईंनी पहिल्याच बैठकीत प्रश्न नेमका मांडला: "पाणी लागेल का, एवढंच सांगू नका. मे महिन्यात राहील का, ते सांगा." सर्वेक्षणाला येणाऱ्यांना हा प्रश्न क्वचित विचारला जातो. दिवाळीत पाणी असलेली जागा आणि मे महिन्यात पाणी असलेली जागा या दोन वेगळ्या जागा असू शकतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गावातल्या तरुणांचा होता: बोअरची गाडी बोलवा आणि ६०० फूट मारा. शेजारच्या शिवारांत अशा खोल बोअर डझनांनी झालेल्या होत्या. काहींना सुरुवातीला दोन इंच पाणी लागले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ते गेले, बऱ्याच ठिकाणी नुसता फुफाटा उडाला. बेसाल्टमध्ये जसजसे खोल जावे तसतशा फटी मिटत जातात, आणि जे पाणी मिळते ते बहुधा पिढ्यान्‌पिढ्या साठलेले असते, दर पावसाळ्यात भरून येणारे नसते. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढच्या विहिरीला खोल विहीर मानून बंधने घातली आहेत, त्यामागचे कारणही हेच. हा पर्याय बाजूला ठेवायला सरपंचताईंना फार पटवावे लागले नाही, तरुणांना मात्र लागले.

दुसरा पर्याय म्हणजे जुनी विहीर खोल करणे. तिच्या तळाशी काळा पाषाण उघडा होता आणि त्यात एकही ओली फट दिसत नव्हती.

तिसरा म्हणजे आधी भूभौतिक मोजणी करून नवी जागा ठरवणे. तो स्वीकारला. पण मोजणी म्हणजे कोणती, हा पुढचा निर्णय होता, आणि तो घाईत झाला.

भूकंपीय अपवर्तन पद्धत, म्हणजे हातोड्याचा धक्का देऊन लहरींचा वेग मोजणे, चर्चेत आली आणि वगळली. हे योग्यच झाले. या पद्धतीत खाली जाताना वेग वाढत गेला तरच थर दिसतात. घट्ट बेसाल्टखाली सच्छिद्र मांजऱ्या आला की वेग कमी होतो आणि तो थर मोजणीतून निसटतो. लाव्हाच्या प्रदेशात नेमका तोच थर हवा असतो. जमिनीत रेडिओलहरी सोडणारे रडारही निरुपयोगी होते, कारण काळ्या चिकण मातीत त्या लहरी मीटर-दोन मीटरमध्येच विझतात.

राहिली विद्युत रोधकता, म्हणजे खडक विजेच्या प्रवाहाला किती अडवतो ते मोजणे. ओल्या खडकात ती कमी असते. जमिनीत दोन सळ्यांमधून प्रवाह सोडायचा, मधल्या दोन सळ्यांमध्ये विभवांतर मोजायचे आणि बाहेरच्या सळ्या दूर नेत नेत खोलवरचा अंदाज घ्यायचा. श्लंबर्जे यांची ही मांडणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि खेड्यापाड्यांत 'मीटर लावणे' या नावाने ओळखली जाते. सामान तुलनेने स्वस्त, माणसे थोडी, निकाल लवकर. चार जागी असे उभे मापन करायचे ठरले.

पहिली मोजणी आणि पहिली बोअर

चार जागांपैकी देवळामागची गायरानाची जागा सगळ्यांत आशादायक दिसली. तिथल्या वक्राचा, म्हणजे सळ्यांचे अंतर आणि मोजलेली रोधकता यांच्या आलेखाचा, अर्थ लावला तेव्हा साधारण ७ ते १७ मीटर खोलीत १० ओहम-मीटरचा (हे रोधकतेचे एकक) थर निघाला. घट्ट बेसाल्टची रोधकता ७० च्या पुढे, कित्येकदा शेकड्यांत असते, त्या मानाने १० हा आकडा फारच कमी, म्हणून तो पाण्याचा मानला गेला.

त्याच जागी गावातल्या वयस्क पाणाडी बाबांनीही नारळ धरून खूण केली होती. बाबांना शिवारातले प्रत्येक उंबराचे झाड आणि प्रत्येक ओलसर बांध माहीत आहे, त्यांच्या शब्दाला गावात वजन आहे. शिवाय जागा सरकारी, म्हणजे कुणाच्या सातबाऱ्याचा प्रश्न नाही, बक्षीसपत्र नाही. मीटर, नारळ आणि मालकी या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी जुळल्यावर शंका काढणाऱ्याला बैठकीत जागाच उरली नाही. एक जुळणी दुसरीला पुरावा ठरत गेली, प्रत्यक्षात त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

चांगली गोष्ट एवढीच की थेट विहीर खोदली नाही. आधी तपासणी बोअर घेतली. वर काळी माती आणि मुरूम, मग मांजऱ्याचा पातळ पट्टा, मग लाल बोल आणि त्याखालचा कुजलेला चिकण भाग मिळून चार मीटर, आणि त्याखाली ५५ मीटरपर्यंत सलग काळा पाषाण. बोअरमधून तांबडा चिखल आला. पाणी हाताला लागेल इतके होते, पंपाला पुरेल इतके नव्हते.

मोजणी चुकीची नव्हती. जमिनीने जे उत्तर दिले ते मीटरने बरोबर नोंदवले. अडचण अशी की रोधकतेच्या उभ्या मापनात पातळ थराची जाडी आणि रोधकता वेगवेगळ्या सुट्या करता येत नाहीत, त्यांचे गुणोत्तर तेवढे कळते. १० ओहम-मीटरचा १० मीटर जाड थर आणि ४ ओहम-मीटरचा ४ मीटर जाड थर वक्रावर जवळजवळ सारखेच दिसतात. पहिला अर्थ लावला तर भरपूर जाडीचा जलधर, म्हणजे पाणी साठवणारा आणि देणारा थर, दुसरा लावला तर चिकण मातीचा पट्टा. दोहोंपैकी कोणता, हे वक्र स्वतः सांगत नाही.

थांबून काय पाहिले

बोअर फसल्यावर गावात मीटरवरचा विश्वास उडाला. हा या प्रकरणातला सगळ्यांत नाजूक टप्पा. पुढच्या बैठकीत "आता सरळ ६०० फूट" हाच सूर होता. सरपंचताईंनी महिनाभराची मुदत मागून घेतली. त्या महिन्यात जे काम झाले ते आधीच व्हायला हवे होते, म्हणजे शिवारातल्या सगळ्या विहिरींची नोंद. प्रत्येक विहिरीची खोली, पाण्याची पातळी, काठावर दिसणारे थर, पाणी कोणत्या अंगाने येते, पंप किती तास चालतो, मे महिन्यात काय होते. ग्रामपंचायतीचा शिपाई आणि शाळा संपलेली दोन मुले एवढ्यांनी टेप आणि वही घेऊन हे केले.

त्या वहीतून दोन गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट पाण्याची. विहिरींचे पाणी साध्या खिशातल्या वाहकता मीटरने तपासले तेव्हा वाहकता सेंटिमीटरला ७०० मायक्रोसिमेन्सच्या आसपास निघाली. याचा अर्थ त्या पाण्याची स्वतःची रोधकता सुमारे १४ ओहम-मीटर. आता ज्या खडकात हे पाणी फक्त छिद्रांत आणि फटींत आहे, बाकी सगळा दगड आहे, त्या खडकाची रोधकता पाण्यापेक्षा जास्तच असणार. इथल्या पाणी भरलेल्या कुजलेल्या बेसाल्टची ती साधारण २० ते ४५ असते. मग देवळामागचा १० हा आकडा पाण्याहूनही खाली कसा? चिकण माती असल्याशिवाय तो तितका उतरत नाही. म्हणजे जो आकडा सगळ्यांत आशादायक वाटला तोच धोक्याची सूचना देत होता, आणि ती सूचना वाचण्यासाठी काही हजार रुपयांचे एक लहान उपकरण आणि एक दुपार पुरेशी होती. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा धडा हाच आहे, आणि भूजलाच्या अहवालांत तो दुर्मीळ आहे. बहुतेक अहवालांत रोधकतेचा तक्ता असतो, विहिरीच्या पाण्याची वाहकता नसते.

दुसरी गोष्ट पातळीची. फेब्रुवारीत नाल्याच्या वरच्या अंगाच्या विहिरींत पाणी जमिनीपासून ५-६ मीटरवर होते. खालच्या अंगाला, जेमतेम दीडशे मीटरवर, ते १२ मीटरच्या खाली. जमिनीचा उतार इतका नव्हता. दोन्ही गटांच्या मधून काळ्या, चौकोनी फुटलेल्या दगडांची एक बुटकी धार शिवार ओलांडून जात होती. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्या धारेवर वेचलेले दगड टाकत आले होते, त्यामुळे ती बांधासारखीच दिसायची. ती डाईक होती: जुन्या लाव्हाच्या थरांत खालून उभी घुसलेली बेसाल्टची भिंत. नाशिक-पुणे भागात अशा डाईक पुष्कळ आहेत.

मग पहिल्या मोजणीतला एक जुना कागद पुन्हा काढला. चारपैकी एका मापनाच्या वक्रावर मध्येच एक अणकुचीदार टोक आले होते. तेव्हा सळईचा मातीशी संपर्क नीट नसेल असे मानून तो बिंदू गाळला होता. त्या मापनाची तार धारेला आडवी गेली होती. सळई डाईकच्या पलीकडे गेली की वक्र असा तुटतोच. थर आडवे आहेत असे गृहीत धरणारी पद्धत उभ्या भिंतीपाशी आली की अशीच खूण देते.

दुसरी मोजणी

आता प्रश्न बदलला. 'कुठे आकडा कमी?' याऐवजी 'ही भिंत किती रुंद, किती खोल, आणि पाणी अडवते की वाहून नेते?' डाईक सगळ्या सारख्या नसतात. घट्ट असली तर जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखी वरच्या अंगाला पाणी अडवते. तडकलेली असली तर तीच पाण्याची वाट होते आणि विहीर तिच्यावरच घ्यावी लागते. इथे विहिरींच्या पातळीतला फरक पहिल्या शक्यतेकडे बोट दाखवत होता.

आधी चुंबकमापी घेऊन धारेला आडव्या समांतर ओळी चाललो. भोवतालचा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्यामुळे आकडे सगळीकडे थोडेफार नाचतात, म्हणून एका ओळीवरच्या उसळीला अर्थ नसतो. तीच उसळी शेजारच्या प्रत्येक ओळीवर एका रेषेत आली, तेव्हाच ती डाईक मानली. या कामात खिशातली किल्ली, कमरेचा पट्टा आणि बांधावर उभी मोटारसायकल यांनीही आकडा बदलतो, आणि द्राक्षबागेजवळ तर मोजणीच व्यर्थ, कारण मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा सगळे झाकून टाकतात.

हीच अडचण पुढे विद्युत छेदचित्राला, म्हणजे एका ओळीखालच्या रोधकतेचे उभे चित्र काढण्याला, आली. ४८ सळ्या, प्रत्येकी ५ मीटर अंतर, म्हणजे २३५ मीटरची सरळ ओळ हवी होती. सगळ्यांत सोयीची जागा पांदीची, पण तिच्या एका टोकाला बाग अगदी लगत होती. जमिनीत रोवलेले अँगल आणि त्यांना जोडणाऱ्या तारा प्रवाहाला आयती वाट देतात आणि खोटा कमी आकडा दाखवतात. देवळामागे एकदा फसलेल्या गावात दुसरा खोटा कमी आकडा परवडणारा नव्हता. म्हणून ओळ नाल्याच्या काठाने घेतली. तिथे कांदा उभा होता, तो काढून होईपर्यंत थांबावे लागले. शेतकऱ्याला भरपाई देऊन लवकर जाता आले असते, पण पाणी आणि कांदा दोन्ही त्याच माणसाचे, त्यामुळे थांबणेच बरे वाटले. कोरड्या मुरुमात प्रत्येक सळईपाशी मीठ-पाणी ओतले, नाहीतर प्रवाह जमिनीत शिरतच नाही.

मांडणी दोन प्रकारे घेतली. वेन्नर मांडणी आडवे थर चांगले दाखवते आणि तिचा संकेत दणकट असतो, पण या लांबीच्या ओळीवर ती जेमतेम ४० मीटरपर्यंत पोहोचते. द्विध्रुव मांडणी उभ्या गोष्टींना संवेदनशील असते, पण खोलवर तिचा संकेत क्षीण होतो. दोन्ही चित्रांत जे सारखे दिसेल तेवढेच खरे धरायचे, असे आधीच ठरवले होते.

ओळीचे एक टोक मुद्दाम वरच्या अंगाच्या एका जुन्या विहिरीशेजारून नेले. त्या विहिरीत मुरूम कुठे संपतो, मांजऱ्या कुठपर्यंत आहे, पाणी कुठून पाझरते हे डोळ्यांनी दिसत होते. तिथे मांजऱ्याचा आकडा ३० च्या आसपास आला. मग बाकीचे चित्र त्या आकड्याला धरून वाचले. धारेखाली जवळपास आठ मीटर रुंदीचा, २०० च्या पुढच्या रोधकतेचा उभा पट्टा निघाला, आणि त्याच्या वरच्या अंगाला २५ ते ४० ओहम-मीटरचा भाग सुमारे १८ मीटर खोलीपर्यंत. खालच्या अंगाला हाच भाग आठ-नऊ मीटरवर संपत होता. सार्वजनिक विहीर याच अंगाला होती.

विहीर कुठे आणि कशी

जागा डाईकपासून सुमारे ३० मीटर वरच्या अंगाला ठरली. जमीन खाजगी. मालक आण्णांनी थोडी कुरकुर केली, मग जमीन बक्षीसपत्राने दिली. त्यांची एकच अट होती: त्यांची स्वतःची विहीर बंद पाडायची नाही.

तपासणी बोअर पुन्हा घेतली आणि दर पाच फुटांचा चुरा वेगळ्या पिशवीत ठेवला. मांजऱ्या १७ मीटरपर्यंत आला. मग आठ मीटर व्यासाची, १६ मीटर खोल विहीर घेतली. या व्यासाला एक मीटर पाण्यात सुमारे ५० हजार लिटर मावतात, म्हणजे झिरपा नसता तर गावाच्या रोजच्या गरजेला पाणी दोन मीटरनी उतरले असते. म्हणून साठ्यापेक्षा रात्री पाणी किती चढते याला महत्त्व होते.

खोदाईत दोन निर्णय महत्त्वाचे ठरले. तळाच्या कठीण भागात सुरुंग न लावता ब्रेकर लावला. सुरुंगाने डाईकला तडे गेले असते तर ज्या भिंतीमुळे पाणी होते तीच गळकी झाली असती. खर्च वाढला, वेळ वाढला, आणि ठेकेदाराला हे पटवायला बराच वाद घालावा लागला. दुसरा निर्णय आडव्या बोअरचा. इकडे विहिरीत पाणी वाढवण्यासाठी आडवे बोअर मारण्याची सर्रास पद्धत आहे, आणि सूचना आली ती डाईकच्या दिशेने मारण्याची, कारण 'तिकडे पाणी अडलंय'. त्या दिशेचा एखादा बोअर भिंतीला आरपार गेला असता तर सगळे पाणी खालच्या अंगाला निघून गेले असते. आडवे बोअर घेतले, पण उत्तरेकडे, नाल्याच्या वरच्या अंगाने.

निष्पत्ती

पहिल्या उन्हाळ्यात, चांगल्या पावसानंतर, विहिरीने मे महिन्याच्या मध्यापर्यंत रोजचे पाणी दिले. शेवटचे काही आठवडे पाणी एक दिवसाआड सोडून निभावले, टँकर लागला नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला आणि एप्रिलच्या उत्तरार्धात टँकर पुन्हा आला. तरी मार्चऐवजी एप्रिलअखेर हा फरक त्या घरांतल्या बायकांना विचारला तर तो लहान नाही.

दुसऱ्या वर्षी पाणी कमी पडायला पाऊस हे एकच कारण नव्हते. वरच्या अंगाला प्लॅस्टिक अंथरलेली नवी शेततळी झाली होती. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, विहिरी भरलेल्या असताना, पंप रात्रंदिवस चालवून ती भरली जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये बागेला तेच पाणी दिले जाते. शेतकऱ्याच्या जागेवरून पाहिले तर हा शहाणपणाचा निर्णय आहे. पण डाईकमागचा साठा एकच आहे, आणि तो उन्हाळ्यापर्यंत जमिनीत राहायच्या ऐवजी हिवाळ्यातच तळ्यात जातो. सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर कायद्याची बंधने आहेत, जुन्या विहिरींच्या उपशाचे काय करायचे हे मात्र गावालाच आपसांत ठरवावे लागते. ग्रामसभेत त्यावर बोलणे सुरू आहे. आण्णा त्यात पुढाकार घेतात.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा घेता आला असता. विहिरींची नोंद आणि पाण्याची वाहकता आधी, डाईकचा माग त्यानंतर, आणि मीटर सगळ्यांत शेवटी. तसे झाले असते तर देवळामागची बोअर टळली असती आणि गावाचा विश्वासही शाबूत राहिला असता. पहिल्या चार मापनांपैकी एक तरी जुन्या विहिरीशेजारी घ्यायला हवे होते. ज्या आकड्याला डोळ्यांनी पाहिलेल्या खडकाचा आधार नाही त्यावर बोअर घेऊ नये, ही अट कामाच्या आदेशातच लिहिता येते. वक्रावरचे विचित्र बिंदू गाळण्याऐवजी तार नव्वद अंशांत फिरवून मापन पुन्हा घ्यावे. डाईकला समांतर तारेवर वक्र सरळ आला असता आणि भिंत तेव्हाच ओळखू आली असती.

उपसा चाचणी विहीर झाल्यावर थोड्या तासांची आणि डिसेंबरमध्ये झाली. ती मार्चमध्ये, जास्त वेळ, आणि पंप बंद केल्यावर पाणी चढण्याच्या नोंदीसह घेतली असती तर सरपंचताईंच्या मे महिन्याच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता आले असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. गावाने आता त्याच चार महिन्यांत डाईकच्या दोन्ही अंगांच्या निवडक विहिरी मोजायला सुरुवात केली आहे, म्हणजे गावाचे आकडे यंत्रणेच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. शेततळी भरण्याच्या काळासाठी नोव्हेंबरची एक जादा नोंदही धरली आहे. उपशाबद्दलची बोलणी त्या नोंदींवर चालणार आहेत.